कोळशाच्या वाटेवर : मॉडेल रेल्वेवरची खाण

रेल्वे जन्मली ती खाणीच्या पोटी. गेऑर्ग अ‍ॅग्रिकोला यांचा खाणकामावरचा ‘दे रे मेतालिका’ हा ग्रंथ १५५६ साली बाझलला छापला गेला. त्यातल्या चित्रांत खाणकामगार फळ्यांच्या वाटेवरून लाकडी गाडी ढकलताना दिसतात. पुढे इंग्लंडच्या ईशान्येला कोळसाखाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत लाकडी रूळ आले आणि त्यांवरून घोडे वाघिणी ओढू लागले. जॉर्ज स्टीफन्सन यांनी १८१४ साली आपलं पहिलं वाफेचं इंजिन बांधलं ते किलिंगवर्थच्या कोळसाखाणीसाठी. १८२५ साली सुरू झालेल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेचं मुख्य कामही कोळसा वाहण्याचंच होतं. आज जगातले निम्म्याहून जास्त रेल्वेमार्ग ज्या ४ फूट ८½ इंच मापाचे आहेत, ते माप याच खाणपट्ट्यातल्या रुळांवरून आलं आहे.

मॉडेल रेल्वेवर खाण उभी करताना हा इतिहास लक्षात ठेवावा. पुष्कळदा खाण कोपरा भरायला म्हणून येते. एक डोंगर, त्यात एक काळं भोक, शेजारी एक पत्र्याची शेड आणि पुढ्यात दोन वाघिणी, एवढ्यावर काम संपतं. दिसायला ते वाईट नसतं. पण कोळसा डोंगरातून वाघिणीपर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नाला त्या देखाव्यात उत्तर नसतं. या प्रकरणाचं सांगणं एकच आहे. खाणीचा देखावा बांधायचा तर कोळशाची वाट बांधावी. ती वाट बोटानं दाखवता आली की उरलेलं सगळं आपोआप जागेवर बसतं.

कोणती खाण, कोणता काळ

खाणी नाना प्रकारच्या असतात. कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणीला जे शोभेल ते कोळशाच्या खाणीला शोभत नाही, आणि उघड्या खाणीत बोगद्याचं तोंडच नसतं. म्हणून आधी ठिकाण आणि काळ ठरवून टाकावा. इथे उदाहरणाला घेतली आहे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली १९५० च्या सुमाराची कोळशाची खाण. या छंदात ती लाडकी आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे.

अपालाचियन डोंगररांगांच्या या भागात कोळशाचे थर बरेचसे आडवे, सपाट पडलेले आहेत. ओढ्यांनी डोंगर खोल कापत नेले, तसे ते थर उतारावर उघडे पडले. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खोल विहीर खणायची गरज पडली नाही. थराच्या पातळीवर डोंगरात आडवं शिरलं की कोळसा हाती लागे. खाणीचं तोंड असे उतारावर उंच, आणि रेल्वे असे खाली, ओढ्याच्या काठानं. मधल्या उंचीवरून कोळसा खाली उतरवावा लागे. चेसापीक अँड ओहायो, नॉरफोक अँड वेस्टर्न आणि व्हर्जिनियन या रेल्वे कंपन्यांच्या फाटे-उपफाट्यांनी या अरुंद घळी भरून गेल्या होत्या. मॉडेलकाराला अशी जागा सोयीची पडते. फळीची रुंदी कमी लागते, देखावा उभा चढत जातो आणि प्रत्येक इमारत कोणत्या ना कोणत्या कामासाठी उभी असते.

बोगद्याच्या तोंडापासून वाघिणीपर्यंत

खाणीच्या आत कोळसा भरला जातो तो बुटक्या गाड्यांत. डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारं ठेंगणं इंजिन अशा गाड्यांची माळ ओढत बाहेर आणतं. तोंडाजवळच्या एका शेडमध्ये गाड्या उलटवल्या जातात. तिथून झाकलेला सरकता पट्टा कोळसा उतारावरून खाली नेतो आणि तळाला, रुळांवर पाय रोवून उभ्या असलेल्या उंच इमारतीत टाकतो. हिला टिपल म्हणतात.

टिपल म्हणजे कोळशाची चाळण. आतल्या हलत्या चाळण्या कोळशाची आकाराप्रमाणे वाटणी करतात: मोठी ढेकळं, अंड्याएवढे तुकडे, सुपारीएवढे तुकडे आणि भुकटी. मोठे तुकडे सरकत्या टेबलावरून जाताना माणसं त्यातला दगड हातानं वेचून काढतात. मग प्रत्येक आकाराचा कोळसा आपापल्या रुळावरच्या वाघिणीत पडतो. टिपलखाली तीन-चार रूळ शेजारी शेजारी असतात ते याचसाठी. घरगुती शेगडीला मोठा कोळसा लागे, कारखान्याच्या बॉयलरला बारीक चाले. गिऱ्हाईक वेगळं, म्हणून वाघीण वेगळी.

वेचलेला दगड जातो कुठे? टिपलपासून जरा दूर, घळीच्या एखाद्या फाट्यात त्याचा काळा-करडा ढिगारा साचत जातो. मॉडेलमध्ये नेमका हाच राहून जातो. वर्षानुवर्षं चाललेल्या खाणीशेजारी असा ढिगारा नसेल, तर ती खाण कालच सुरू झाल्यासारखी वाटते.

मापांचा हिशोब

सगळ्यात प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १ : ८७. यात खऱ्या एका फुटाला ३.५ मिलिमीटर धरायचे. हा एक आकडा पाठ असला की बाकीचं गणित तोंडी करता येतं. पावणेसहा फुटी माणूस २० मिलिमीटरचा होतो. शंभर फूट लांबीची टिपल ३५ सेंटिमीटरची होते. त्या काळची ५५ टनी, खालून दोन तोंडांनी रिकामी होणारी वाघीण जोडणीसह साधारण १२ सेंटिमीटर भरते.

कच्चा माल निवडतानाही हाच आकडा हाताशी ठेवावा. काड्यापेटीतली काडी साधारण २ मिलिमीटर जाड असते. एचओमध्ये तो सात इंची लाकडी खांब झाला. बोगद्याचं छत तोलून धरणाऱ्या टेकूंसाठी ती अगदी योग्य. पत्र्याची पन्हळ खऱ्या मापात सुमारे २⅔ इंचांची असते, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम पाऊण मिलिमीटर. पुठ्ठ्याच्या खोक्यातला पन्हळी कागद लावला, तर त्या पन्हळी माणसाच्या मांडीएवढ्या जाड दिसतात आणि इमारत खेळण्यातली वाटू लागते.

खाणीच्या तोंडाबाहेर दिसणाऱ्या छोट्या रुळांसाठी एन मापाचे तयार रूळ कामी येतात. त्यांची रुंदी ९ मिलिमीटर, म्हणजे एचओच्या हिशोबानं ३१ इंच. अमेरिकी कोळसाखाणींतले रूळ बहुधा याहून रुंद, ४२ ते ४८ इंचांचे असत. काटेकोर माप हवं असेल तर टीटी मापाचे १२ मिलिमीटरचे रूळ ४२ इंचांच्या अगदी जवळ जातात.

रिकाम्या वर, भरलेल्या खाली

खाणीवरच्या रुळांचा एक नियम असतो, आणि तो उमजला की निम्मं काम झालं. रेल्वेचं इंजिन दिवसभर टिपलखाली थांबत नाही. सकाळी ते रिकाम्या वाघिणींची रांग आणतं, टिपलच्या पलीकडे चढाच्या बाजूला लावतं आणि भरलेल्या वाघिणी घेऊन निघून जातं. मग खाणीचा माणूस एकेका वाघिणीचा हातब्रेक सैल करतो. वाघीण आपल्या वजनानं उतारावरून टिपलखाली येते, भरते आणि पुढे सरकून भरलेल्यांच्या रांगेत जाऊन थांबते. वाघिणीच्या टोकाला उभा राहून ब्रेकचं चाक धरलेला एक माणूस देखाव्यात ठेवला, तर ही सगळी पद्धत एका नजरेत कळते.

यावरून जागेचा हिशोब निघतो. एका रुळावर सहा वाघिणी भरायच्या असतील तर टिपलच्या वर ७२ सेंटिमीटर आणि खाली ७२ सेंटिमीटर मोकळा रूळ लागतो. मधली टिपल ३५ सेंटिमीटरची. झाले सुमारे १.८ मीटर, सांध्यांची जागा वेगळीच. जागा अपुरी पडली की लोक टिपल रुळाच्या शेवटाला चिकटवतात. मग रिकाम्या वाघिणी ठेवायला जागा उरत नाही आणि भरणं चालणार कसं, याचं उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा वाघिणींची संख्या तीनवर आणावी, रूळ चाराऐवजी दोन करावेत. पण टिपलच्या दोन्ही बाजूंची जागा सोडू नये.

उताराच्या बाबतीत मात्र मॉडेलला सूट द्यावी लागते. चांगल्या चाकांच्या छोट्या वाघिणी शंभराला एक इतक्या उतारावरही आपोआप घरंगळतात आणि त्यांना हातब्रेक नसतो. म्हणून रूळ सपाट ठेवावेत आणि उताराचा भास शेजारच्या जमिनीतून द्यावा. ओढ्याचा तळ खाली खाली जाताना दिसला की डोळा रुळांनाही उतार असल्याचं मानून घेतो.

डोंगर आणि त्यातली काळी रेघ

डोंगराचा सांगाडा थर्माकोलच्या किंवा दाट फोमच्या थरांचा करावा आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चढवाव्यात. खडकांसाठी रबरी साच्यात प्लास्टर ओतून तुकडे काढतात आणि ते उतारावर बसवतात. रंग पातळ करून थरावर थर द्यावेत: आधी फिकट पिवळसर तपकिरी, मग करडा, शेवटी अगदी पाणीदार काळा, जो फटींत उतरून सावली तयार करतो. जाड रंगानं प्लास्टरचा पोत बुजतो.

इथे कोळशाचा थर विसरू नये. बोगद्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना खडकात काळी पट्टी दिसली पाहिजे. थर चार-पाच फुटांचा धरला तर पट्टी १४ ते १७ मिलिमीटर उंच येते. म्हणजे आपला २० मिलिमीटरचा खाणकामगार तिच्यापुढे उभा केला तर त्याचं डोकं पट्टीच्या वर जातं. आत तो दिवसभर वाकून काम करत असणार, हे एकही शब्द न लिहिता कळतं. पट्टी आडवी ठेवावी आणि डोंगर पुढे जिथे कापलेला असेल, तिथे त्याच पातळीवर ती पुन्हा दाखवावी. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण हा डोंगर खरा आहे असं त्याला वाटतं ते अशा गोष्टींमुळे.

जमिनीवर वाळलेल्या मातीची चाळलेली पूड, रंगवलेला लाकडाचा भुसा, झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, हे सगळं घरच्या घरी जमतं. फेविकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे एक-दोन थेंब घालून ते मिश्रण थेंबाथेंबानं सोडावं. साबणामुळे पाणी पुडीवर गोळे न होता आत झिरपतं.

कोळसा चाळताना

कोळशासाठी खरा दगडी कोळसाच वापरावा. इस्त्रीसाठी वापरतात तो लोणारी कोळसा मंद काळा आणि हलका असतो. दगडी कोळशाच्या तुटलेल्या कडेला जी चकाकी असते ती त्यात नाही. एक ढेकूळ जाड कापडात गुंडाळून हातोडीनं फोडावं. धूळ उडते, म्हणून नाकावर फडकं बांधून हे काम घराबाहेर करावं.

मग चाळणी हाती घ्यावी. सहा इंचांचं खरं ढेकूळ एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटरचं होतं, दोन इंचांचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा, आणि भुकटी म्हणजे अक्षरशः भुकटी. जाड रव्याची, कणकेची आणि मैद्याची अशा तीन चाळण्या एकापाठोपाठ वापरल्या की टिपलमध्ये होते तीच वाटणी आपल्या हातून होते. जो माल जाड चाळणीवर उरेल तो बहुतेक वापरू नये. ५ मिलिमीटरचा खडा म्हणजे दीड फुटाचा धोंडा. मोठ्या आकाराचा माल एका रुळावरच्या वाघिणींत, मधला दुसऱ्या, भुकटी तिसऱ्या. हा फरक फार बारीक आहे, पण वाघिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की तो स्पष्ट दिसतो आणि तीन रूळ कशासाठी, याचा खुलासा करतो.

भार वाघिणीत कायमचा चिकटवू नये. वाघिणीच्या आतल्या मापाचा फोमचा तुकडा कापून त्यावर कोळसा चिकटवावा आणि फोममध्ये लोखंडाचा छोटा तुकडा दडवावा. लोहचुंबक वर धरला की भार अलगद उचलला जातो आणि वाघीण रिकामी होते. जागा असेल त्यांच्यासाठी याहून सुरेख युक्ती आहे. पडद्यासारख्या उभ्या फळीच्या एका बाजूला खाण आणि दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र बांधायचं, आणि रूळ इमारतींच्या आडून फळीतून आरपार न्यायचे. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी पलीकडे वीजकेंद्रातून रिकाम्या होऊन निघाल्यासारख्या बाहेर पडतात. वीजकेंद्रात ढकललेल्या भरलेल्या वाघिणी खाणीतून भरून आल्यासारख्या दिसतात. हात न लावता कोळशाचा व्यवहार पुरा होतो.

गंज, धूळ आणि झीज

टिपलवर वय चढवताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. गंज वरून खाली ओघळतो. तो खिळ्यांच्या ओळीपासून आणि पत्र्यांच्या जोडापासून सुरू होतो, आणि वळचणीखालचा भाग त्यामानानं कमी गंजतो. कोळशाची धूळ आडव्या जागी साचते: छपरावर, तुळयांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. झीज मात्र चकाकते. ज्या घसरणीवरून रोज टनावारी कोळसा सरकतो, तिचा आतला पत्रा गंजत नाही, उलट घासून चमकतो. तिथे मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं चोळावी. सगळीकडे एकच काळपट रंग फासला की तिन्ही खुणा पुसल्या जातात आणि इमारत जुनी न दिसता नुसती मळकी दिसते.

माणसं

खाण म्हणजे माणसांच्या जिवावर चाललेलं काम. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्याच मोनोंगा इथल्या खाणीत स्फोट झाला. अधिकृत नोंदीप्रमाणे ३६२ माणसं दगावली. अमेरिकी खाणींमधला तो सर्वांत भीषण अपघात. अशा दुर्घटनांच्या मालिकेनंतर १९१० साली अमेरिकेत ब्युरो ऑफ माइन्स हे सरकारी खातं उभं राहिलं. खाणीचा देखावा करणाऱ्यानं या इतिहासाचा मान राखायला हवा, आणि तो राखायची जागा छोट्या इमारतींत आहे.

एक पंखाघर हवं, जे वेगळ्या तोंडातून खाणीला हवा पुरवतं. एक दिवाघर हवं, जिथे टोपीवरचे दिवे भरून मिळतात आणि कामगार आपला पितळी बिल्ला फळीवर लावतो. कोण आत आहे हे त्या फळीवरून कळतं. दारूगोळ्याची कोठी जाड भिंतींची, बाकी सगळ्यापासून दूर आणि एकटी. टेकूंसाठी लाकडांची रास, आणि खाली ओढ्याकाठी कंपनीची एकासारखी एक घरं व कंपनीचंच दुकान. पाळी बदलण्याची वेळ धरली तर एक घोळका काळवंडलेला, बाहेर निघालेला आणि दुसरा स्वच्छ कपड्यांत, आत निघालेला असा दाखवता येतो. दिवसाची वेळ एकच धरावी आणि प्रत्येक आकृतीला काम द्यावं.

ओढाही खरा रंगवावा. कोळशाबरोबर येणारं गंधकयुक्त लोहखनिज हवा-पाण्याच्या संपर्कात आलं की पाणी आम्लयुक्त होतं आणि त्यातलं लोह तळाशी नारिंगी-पिवळ्या गाळाच्या रूपात बसतं. खाणींखालच्या कित्येक ओढ्यांचे दगड असे नारिंगी झालेले आहेत. मॉडेलमध्ये निळंशार पाणी वाहवणं सोपं आहे; पण खाणीनं डोंगराकडून काय घेतलं हे सांगायचं, तर दगडांना तो नारिंगी हात द्यायला हवा.

आपल्याकडची खाण

हीच पद्धत आपल्या मातीलाही लागू पडते. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या पट्ट्यात दगडी कोळसा आहे. भंडारा-नागपूर भागात मँगनीजच्या खाणी आहेत. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल कंपनीची भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग खाण उघडी आहे. तिथे बोगद्याचं तोंड नको; पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा खड्डा, वरच्या मातीचे उंच ढीग आणि काळपट तपकिरी खनिज हवं. सातपुड्याच्या परिसरात बंगाल-नागपूर रेल्वेनं अडीच फुटी अरुंद रुळांचं जाळं विणलं होतं. एन मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ एचओच्या देखाव्यात जवळजवळ त्याच मापाचे ठरतात, ही मॉडेलकाराच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. ब्रॉडगेजचे रूळ मात्र एचओमध्ये १९ मिलिमीटरहून थोडे रुंद व्हायला हवेत. बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात आणि बहुतेकांना त्यावरच भागवावं लागतं. छोट्या रेल्वेचं हे जग जवळून पाहायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. लहान मुलांना घेऊन तिथे जरूर जावं.

काम सुरू करण्याआधी एकही खोकं विकत घेऊ नका. एक कोरा कागद घ्या, आपल्या निवडलेल्या खाणीतून माल कुठून निघतो, कुठे उलटतो, कुठे चाळला जातो, दगड कुठे पडतो, रिकामी वाघीण कुठून येते आणि भरलेली कुठे जाते, ही रेघ पेन्सिल न उचलता काढा. जिथे पेन्सिल अडेल तिथे एक इमारत, एक रूळ किंवा एक माणूस कमी आहे असं समजा. ती रेघ पुरी झाल्यावरच करवत हातात घ्या.